सरासरी आणि माणूस : मानसशास्त्रातील एक वाद आणि साहित्याचा अभ्यास

१

मानसशास्त्र हे मनाचे शास्त्र आहे, असे म्हटल्यावर ते कोणाच्या मनाचे शास्त्र, हा प्रश्न ओघानेच यायला हवा. पण तो क्वचितच विचारला जातो. मन हे नेहमी कोणाचे तरी असते. भीती, आठवण, मत्सर, पश्चात्ताप या गोष्टी विशिष्ट माणसाच्या आयुष्यात, विशिष्ट परिस्थितीत घडतात. शास्त्राला मात्र सर्वांविषयी बोलायचे असते. एका माणसाला समजून घेणे आणि सर्व माणसांना लागू पडेल असा नियम शोधणे, या दोन उद्दिष्टांतील ताण मानसशास्त्राला त्याच्या आरंभापासून जाणवत आला आहे आणि अजूनही तो पुरता मिटलेला नाही.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद परक्या घरातला वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कादंबरीतील पात्राचे वर्तन, आत्मचरित्राच्या निवेदकाची घडण, कवीची प्रतिमासृष्टी यांचा उलगडा करताना समीक्षा मानसशास्त्राकडे वारंवार हात पसरते. तेथून उसने काय आणावयाचे, तयार नियम की अभ्यासाची पद्धती, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत वादाच्या आकलनावर अवलंबून आहे. आजवर बहुधा नियमच आणले गेले. ज्या नियमांचा पाया खुद्द मानसशास्त्रातच विवाद्य ठरला आहे, ते साहित्याच्या अभ्यासात सिद्ध सत्यांसारखे वापरले जाणे ही चिंतेची बाब आहे.

या वादाला नाव मिळाले ते १८९४ मध्ये. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म विंडेलबांट यांनी स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या रेक्टरपदावरून केलेल्या भाषणात ज्ञानाचे दोन मार्ग सांगितले. एक 'नोमोथेटिक', म्हणजे नियमलक्षी. दुसरा 'इडिओग्राफिक', म्हणजे व्यक्तिलक्षी. पहिला मार्ग पुनःपुन्हा घडणाऱ्या गोष्टींतून नियम काढतो, दुसरा एकदाच घडलेल्या गोष्टीचे रूप जाणून घेतो. हा भेद विषयांचा नसून हेतूंचा आहे, यावर त्यांचा भर होता. एकच वस्तू दोन्ही अंगांनी अभ्यासता येते. ओवी हा छंद म्हणून पाहिला तर त्याचे नियम सांगता येतात. ज्ञानेश्वरांची ओवी आणि दळणावर बसलेल्या बाईची ओवी यांतले वेगळेपण त्या नियमांतून हाती लागत नाही. म्हणून नियम खोटे ठरत नाहीत, आणि वेगळेपणही अशास्त्रीय ठरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात हा भेद व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणला. तेव्हापासून बाजू पडल्या, आणि विंडेलबांट यांना अभिप्रेत नसलेला अर्थ रूढ झाला : नियम शोधणारे ते शास्त्रज्ञ आणि व्यक्तीचा अभ्यास करणारे ते जणू चरित्रकार. ही वाटणी चुकीची होती. तिचे मूळ 'सर्वसाधारण' या शब्दाच्या दोन अर्थांच्या गल्लतीत आहे.

२

'सर्वसाधारण' म्हणजे प्रत्येकाच्या ठिकाणी आढळणारे, हा एक अर्थ. 'सर्वसाधारण' म्हणजे सर्वांची बेरीज करून काढलेली सरासरी, हा दुसरा. बेल्जियन गणितज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. तिचा समाजाच्या मोजमापासाठी मोठा उपयोग झाला. परंतु हा सरासरी माणूस कोणत्याही गावात राहत नाही, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकात संख्याशास्त्र जसजसे मानसशास्त्राचे मुख्य साधन बनले, तसतसा दुसरा अर्थ पहिल्याच्या जागी येऊन बसला. शंभर व्यक्तींच्या दोन गटांतील सरासरीचा फरक हा 'मनाचा नियम' म्हणून सांगितला जाऊ लागला.

या दोन अर्थांत किती अंतर पडू शकते, ते वाचनाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अनेक वाचकांची तुलना केली तर सामान्यतः असे दिसते की, जे वेगाने वाचतात त्यांना मजकूर अधिक चांगला समजतो; कारण वेग आणि आकलन ही दोन्ही सरावाची फळे आहेत. यावरून 'वेग वाढला की आकलन वाढते' असा नियम काढून एखाद्या विद्यार्थ्याला भराभर वाचण्याचा सल्ला दिला, तर नेमके उलटे घडेल. त्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत वेग वाढवला की आकलन घटते. माणसामाणसांतील संबंध आणि एका माणसाच्या आतला संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांची दिशाही परस्परविरुद्ध असू शकते.

हा केवळ तर्काचा खेळ नाही. डच संशोधक पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये गणिताच्या आधारे दाखवले की, गटाच्या अभ्यासातून निघालेली रचना गटातील व्यक्तीलाही लागू पडण्यासाठी फार कडक अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि शिकणाऱ्या, बदलणाऱ्या, वाढणाऱ्या मनाच्या बाबतीत त्या सहसा पुऱ्या होत नाहीत. २०१८ मध्ये एरन फिशर, जॉन मेडालिया आणि बर्टस येरोनिमस यांनी प्रत्यक्ष सामग्रीवर ही तपासणी केली. गटाची आणि व्यक्तींची सरासरी जवळजवळ आली, परंतु व्यक्तीच्या आतील चढउताराचा पसारा गटातील पसाऱ्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत निघाला. गटावरून माणसाविषयी केलेली विधाने वाटतात त्याहून कितीतरी कमी खात्रीची असतात, हा याचा अर्थ.

उलट, मानसशास्त्रातील काही अत्यंत टिकाऊ नियम एका व्यक्तीच्या अभ्यासातून आले आहेत, हे विसरले जाते. हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्मृतीविषयीचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील प्रयोगांत प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो, असे दोघेही ते स्वतःच होते. सुमारे २३०० निरर्थक शब्दावयव तयार करून, ते पाठ करून आणि विसरून त्यांनी विस्मरणाचा वक्र काढला. २०१५ मध्ये याप मुरे आणि योएरी ड्रोस यांनी हाच प्रयोग पुन्हा एकाच व्यक्तीवर केला, तेव्हा तो वक्र बराचसा तसाच आला. त्याच वर्षी दुसरा एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. त्यात मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष सांगितले होते. पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्के भरले. पाठांतराचा प्रयोग आणि सामाजिक वर्तनाचे अभ्यास यांची थेट तुलना योग्य नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही, अनेक व्यक्ती घेतल्या म्हणजे निष्कर्ष आपोआप भक्कम होतो, ही समजूत यातून ढासळते.

दुसरे उदाहरण हेन्री मोलेसन यांचे. अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य मोलेसन दिवसागणिक शिकत गेले. आपण हे पूर्वी केले आहे, याची आठवण मात्र त्यांना नसे. स्मृती ही एकच एक शक्ती नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत, हा सर्व माणसांविषयीचा सिद्धान्त या एका माणसाने पुढे आणला. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत शास्त्रीय वाङ्मय त्यांना केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखत होते.

३

स्मृती आणि मेंदू यांच्या बाबतीत एका व्यक्तीवरून सर्वांकडे जाता आले, कारण तेथील रचना बऱ्याच अंशी सर्वांत समान असते. स्वभावाचे काय? ऑलपोर्ट यांचा खरा प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी जी सामग्री वापरली, ती साहित्याच्या अभ्यासकाला परिचित अशीच आहे : एका वृद्ध होत जाणाऱ्या स्त्रीची पत्रे.

पुस्तकात तिचे नाव जेनी असे बदलून दिले आहे. मुलाच्या एका मित्राला आणि त्याच्या पत्नीला तिने १९२६ ते १९३७ या काळात ३०१ पत्रे लिहिली. पतीच्या निधनानंतर जन्मलेला एकुलता एक मुलगा, त्याच्यासाठी उपसलेले कष्ट, त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांविषयीचा टोकाचा राग, १९२९ मध्ये झालेला त्याचा मृत्यू आणि त्यानंतरचे एकाकीपण, असा त्या पत्रांचा विषय आहे. पैशांच्या बाबतीत ती कमालीची काटेकोर, निसर्ग आणि कला यांच्याविषयी हळवी, आणि प्रत्येक माणसाविषयी संशयी. ऑलपोर्ट यांनी ही पत्रे प्रथम १९४६ मध्ये आणि पुढे १९६५ मध्ये 'लेटर्स फ्रॉम जेनी' या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली.

पुस्तकाचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. आधी पत्रे आहेत, मीमांसा नंतर येते. मीमांसाही एकच नाही. अस्तित्ववादी, मनोविश्लेषणात्मक आणि स्वभावगुणांच्या रचनेवर आधारलेली, अशा निरनिराळ्या दृष्टींतून जेनीकडे पाहिले आहे आणि प्रत्येक दृष्टीला काय दिसते व काय दिसत नाही याचा हिशोब मांडला आहे. ३६ वाचकांना पत्रे वाचून जेनीचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा त्यांनी स्वभावदर्शक १९८ शब्द वापरले. ते मुख्यतः आठ गटांत बसले. जेफ्री पेज या अभ्यासकाने पत्रांतील शब्दांच्या साहचर्याचे संगणकाच्या साहाय्याने घटक-विश्लेषण केले, तेव्हा त्यातूनही आठ घटक निघाले, आणि दोन्ही याद्या बऱ्याच जवळ आल्या. संख्याशास्त्र हे व्यक्तीच्या अभ्यासाचे शत्रू नव्हे. ते अनेक व्यक्तींत एक गुण मोजण्यासाठी जसे वापरता येते, तसेच एका व्यक्तीतील अनेक गुणांची गुंफण पाहण्यासाठीही वापरता येते.

ज्या मित्राला ही पत्रे लिहिली गेली, ते स्वतः ऑलपोर्टच होते, हे पुढे डेव्हिड विंटर यांनी दाखवून दिले. म्हणजे पत्रांचा वाचक हा त्या पत्रांच्या घडणीतही सामील होता. जेनी कशी होती, या प्रश्नाइतकाच ती या विशिष्ट माणसासमोर कशी बोलत होती, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. निवेदक आणि श्रोता यांच्या नात्याचा विचार करण्याची सवय असलेल्या साहित्याभ्यासकाला येथे मानसशास्त्राला काही परत देता येण्याजोगे आहे.

४

व्यक्तिलक्षी अभ्यासावरचे आक्षेप बिनबुडाचे नाहीत. पहिला आक्षेप भाषेचा आहे. 'जेनी संशयी होती' असे म्हणताच तिची इतरांशी तुलना झालेली असते, कारण 'संशयी' हा शब्द सर्वांसाठीचा आहे. सर्वस्वी अनन्य असे काही असेल तर त्याविषयी बोलताच येणार नाही. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येते की, अनन्यता गुणांत नसून त्यांच्या मांडणीत असते. मराठीचा शब्दसंग्रह सर्व कवींना सारखाच उपलब्ध असतो. म्हणून सर्वांची शैली एक होत नाही. स्वतः ऑलपोर्ट यांनीही १९६२ मध्ये विंडेलबांट यांची जोडी बाजूला ठेवून, व्यक्तीच्या घडणीचा आकृतिबंध शोधणारा अभ्यास, या अर्थाचा दुसरा शब्द सुचवला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पॉल मील यांनी १९५४ मध्ये सुमारे वीस अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की, एखाद्या व्यक्तीचे पुढे काय होईल याचा अंदाज करताना, ती व्यक्ती प्रत्यक्ष पाहिलेल्या तज्ज्ञाचा कौल साध्या संख्याशास्त्रीय सूत्रापेक्षा बहुधा सरस ठरत नाही. नंतरच्या संशोधनानेही या निष्कर्षाला पुष्टीच दिली. 'मी या माणसाला आतून ओळखतो' ही भावना म्हणजे ज्ञान नव्हे, हा धडा व्यक्तिलक्षी अभ्यास करणाऱ्याने कधीही विसरू नये. मात्र मील यांनीच एक मर्यादाही नोंदवली. एखादा गृहस्थ ठराविक दिवशी चित्रपटाला जातो, असे सूत्र सांगत असले तरी त्याचा पाय मोडल्याचे कळले, तर सूत्र बाजूला ठेवावे लागते. असे प्रसंग विरळा, हे मील यांचे म्हणणे भाकितापुरते बरोबर आहे. चरित्र, आत्मचरित्र आणि कादंबरी यांना मात्र भाकीत करायचे नसते; मोडलेला पाय हाच पुष्कळदा त्यांचा विषय असतो.

तेव्हा विरोध व्यक्ती आणि नियम यांचा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. एकेका व्यक्तीचा कसून अभ्यास करून, त्या अभ्यासांची तुलना करून नियमाकडे जाता येते. सरासरीवरून खाली उतरून एका व्यक्तीवर हक्क सांगता येत नाही.

५

साहित्याच्या अभ्यासात ही उलटी वाट कशी फसवते, याचे ठळक उदाहरण खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांचेच आहे. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणवहीत बालपणीची एक आठवण लिहिली आहे : पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्याने शेपटीने ओठांना स्पर्श केला. फ्रॉइड यांनी १९१० मध्ये या आठवणीवर प्रबंध लिहिला. तो पक्षी गिधाड आहे असे धरून, प्राचीन इजिप्तच्या गृध्रमुखी मातृदेवतेशी त्याचा संबंध जोडून, त्यांनी लिओनार्दोच्या मातृसंबंधाचा उलगडा केला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र घार असा आहे. गिधाड आले ते जर्मन भाषांतरातून. मेयर शापिरो या कलेतिहासकाराने १९५६ मध्ये याची सविस्तर चिकित्सा केली आणि आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. पाळण्यातील बालकाच्या ओठांशी घडणारा शुभशकुन हा थोर पुरुषांच्या चरित्रांतील जुना वाङ्मयीन संकेत आहे. मराठी संतचरित्रांच्या अभ्यासकाला असे संकेत नवे नाहीत. एक शब्द आणि एक संकेत, दोन्ही साहित्याभ्यासाच्या कक्षेतील गोष्टी. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, कारण नियम आधीच हाताशी होता आणि व्यक्तीने फक्त त्याला दुजोरा द्यायचा होता.

नियम ज्या भूमीत घडला तिच्याबाहेर तो नेताना तर अधिकच सावधपणा हवा. १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी, फ्रॉइड यांचे सिद्धान्त आपल्या भारतीय रुग्णांच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे पत्रव्यवहारात फ्रॉइड यांनाच कळवले होते. त्यांचा पुरावा एकेका रुग्णाचा होता. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले की, मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांत सहभागी झालेल्या व्यक्तींपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होत्या, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. अशा पायावरचा नियम घेऊन माणदेशातील किंवा कोकणातील पात्राचे मन उलगडू पाहणे म्हणजे सरासरीची चूक दुप्पट करणे होय.

याची सर्वांत मोठी किंमत दलित आत्मकथनांच्या अभ्यासात मोजावी लागते. ही पुस्तके 'दलित मानसिकतेचा' नमुना म्हणून वाचली जातात : अपमान, न्यूनगंड, विद्रोह असा क्रम आधी ठरवायचा आणि त्याला उदाहरणे शोधायची. या चौकटीत दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या मागे महार समाजाचे अनुभव आहेत, आंबेडकरी चळवळीचा संस्कार आहे. तरी 'स्व'ची घडण किती भिन्न! 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगला आहे, आणि शिकून वर आलेल्या लेखकाला मागे राहिलेल्या दगडूपासून सुटका नाही. 'जिणं आमुचं'मध्ये याच्या उलट 'मी' जवळजवळ 'आम्ही'त विरघळून जातो. शीर्षकापासूनच अनेकवचन बोलते, आणि त्या अनेकवचनात बायकांच्या वाट्याला आलेले दुहेरी जिणे ठसठशीतपणे उभे राहते. एकाच सामाजिक अनुभवाला दोन मनांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. 'दलित मानसिकता' नावाच्या सरासरीत दोन्ही नाहीशी होतात. ज्या समाजाला शतकानुशतके जातीच्या नावाने, म्हणजे एका वर्गनामानेच ओळखले गेले, त्यातील माणसाने प्रथमच स्वतःच्या नावाने लिहिल्यावर समीक्षेने त्याला पुन्हा वर्गनामात लोटावे, हा दोष पद्धतीचा आहेच. तो न्यायाचाही आहे.

याचा अर्थ सामाजिक सामान्यीकरण टाकून द्यावे असा नव्हे. जातिव्यवस्थेचे दडपण सर्वांवर होते, हे विधान प्रत्येकाच्या बाबतीत तपासता येते आणि खरे ठरते. म्हणून ते पहिल्या अर्थाने सर्वसाधारण आहे. त्या दडपणाखाली मन कसे घडले, याचे उत्तर मात्र प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्रपणे विचारावे लागेल.

मानसशास्त्राचा आधार घेणाऱ्या संशोधकाने यासाठी तीन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले, मीमांसेपूर्वी संहिता. पात्राची किंवा निवेदकाची उक्ती, कृती, मौन आणि पुनरुक्ती यांची संपूर्ण नोंद, प्रतिकूल पुराव्यासकट. दुसरे, एकाहून अधिक मीमांसा. जेनीच्या पत्रांप्रमाणे प्रत्येक दृष्टीला काय सुटले ते नोंदवणे. तिसरे, संहितेतील कोणता पुरावा आढळला असता तर ही मीमांसा मागे घ्यावी लागली असती, याचे स्पष्ट उत्तर. ज्या मीमांसेला असे उत्तर देता येत नाही, ती कोणत्याही कलाकृतीवर चिकटवता येईल, आणि म्हणूनच ती कोणत्याच कलाकृतीविषयी काही सांगत नाही.

अशा रीतीने दहा आत्मकथनांचा एकेक करून अभ्यास झाला, तर त्यांच्या तुलनेतून मराठी मनाच्या घडणीविषयी काही सामान्य विधाने करता येतील, आणि कदाचित मानसशास्त्रालाही त्यांची दखल घ्यावी लागेल. ते काम मराठी विभागांत होऊ शकते. त्यासाठी लागणारी सामग्री ग्रंथालयाच्या कपाटात आहे, आणि लागणारे कौशल्य, म्हणजे एक संहिता शेवटपर्यंत लक्षपूर्वक वाचणे, हे या विषयाचे मूळचेच आहे.